वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, एसक्यूलाइट आणि 'डेटाबेस इज लॉक्ड'

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुर्भे-महापे पट्ट्यातली स्टील यार्डं, भंगारवाले आणि गोदामं यांच्या वजनकाट्यांसाठी तुम्ही सॉफ्टवेअर देता. प्रत्येक काट्यावर एक विंडोज पीसी, त्यावर तुमचा प्रोग्राम आणि सगळा डेटा एसक्यूलाइट या सर्व्हरशिवाय चालणाऱ्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एका साइटवर अधूनमधून 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं, ते का? त्याच गिऱ्हाइकाला आता मॅनेजरच्या केबिनमधून आणि अकाउंट्सच्या पीसीवरूनही नोंदी करायच्यात, तर फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली तर चालेल का? आणि ऑफिसातले सीनियर म्हणतात, "एसक्यूलाइट हे खेळणं आहे, पोस्टग्रेसवर चला" (पोस्टग्रेस म्हणजे वेगळा सर्व्हर चालवून वापरायचा डेटाबेस), हे कितपत खरं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची दोन उत्तरं त्यातच आहेत.

खेळणं अजिबात नाही. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड असो की आयफोन, त्यात एसक्यूलाइट आहेच. क्रोम आणि फायरफॉक्स तुमची ब्राउझिंग हिस्टरी त्यातच ठेवतात. डी. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिलं. तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका सॉफ्टवेअरचं काम करत होते. तिथे मागे इन्फॉर्मिक्स या डेटाबेसचा सर्व्हर होता आणि तो बंद असला की यांचा प्रोग्राम हात जोडून बसायचा. मग मधला सर्व्हरच काढून टाकला आणि प्रोग्राम थेट डिस्कवरच्या फाइलशी बोलू लागला तर? एसक्यूलाइट यातून जन्मलं. तुमच्या काट्यावरची गरज वेगळी आहे का? तिथे डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) नाही, आयटीवाला नाही. सकाळी ऑपरेटर पीसी चालू करतो आणि पहिला ट्रेलर काट्यावर चढतो. तिथे पोस्टग्रेस बसवलंत तर विंडोज अपडेटनंतर सर्व्हिस उठली नाही म्हणून सकाळी सातला फोन तुम्हालाच येणार.

डेटा किती मोठा आहे, यावर निर्णय होत नाही. एसक्यूलाइटची फाइल तत्त्वतः २८१ टेराबाइटपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे काट्याच्या पावत्यांनी ती भरायची नाही. वेगाचाही प्रश्न नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरसुद्धा सेकंदाला काही डझन ट्रान्झॅक्शनं (ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा एक संच) सहज होतात आणि तुमचा एक ट्रक भरून-रिकामा मिळून दोनदा काट्यावर येतो. दिवसाला ५०० गाड्या धरल्या तरी हजार नोंदी. त्या डिस्कला हे मिनिटाभराचंही काम नाही. विचारायचा प्रश्न एकच: लिहिणारे प्रोग्राम किती मशीनवर बसलेत? एकाच मशीनवर असतील तर एसक्यूलाइट. दोन वेगळी मशीनं त्याच फाइलला थेट हात लावणार असतील तर नाही, मग फाइल दहा केबीची का असेना.

आता लॉकचं.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. वही एक आणि पेन एक, असं धरा. पेन कोणाकडे किती वेळ राहतं, यावर सगळं अवलंबून. एक नोंद लिहायला काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे 'लॉक्ड' वारंवार दिसत असेल तर कोणीतरी पेन हातात धरून गप्पा मारतंय. शिवाय मूळ सेटिंगमध्ये बिझी टाइमआउट शून्य असतो. म्हणजे पेन मोकळं नसेल तर एसक्यूलाइट क्षणभरही थांबत नाही, लगेच एरर फेकतं. काही लायब्ररी स्वतःहून थोडं थांबतात (पायथॉनची मूळ लायब्ररी ५ सेकंद थांबते), पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक कनेक्शन उघडल्या उघडल्या टाइमआउट ५००० मिलिसेकंद करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी कोड वाचावा लागतो. अशा प्रोग्रामांत मी हमखास बघतो ती जागा सांगतो. ऑपरेटर दुसरं वजन घेतो. प्रोग्राम 'बिगिन' करतो (ट्रान्झॅक्शन उघडतो), पुढचा पावती नंबर काढतो, नोंद टाकतो आणि मग स्क्रीनवर विचारतो: 'पावती छापायची का?' होय दाबलं की छपाई आणि त्यानंतर 'कमिट' (नोंद पक्की). लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. छपाई फसली तर नोंदही मागे घेता यावी, एवढाच. पण डॉट मॅट्रिक्सचा कागद संपलेला असतो किंवा ड्रायव्हर खाली भावावरून भांडत असतो, आणि ऑपरेटर तो डायलॉग तसाच सोडून खिडकीशी जातो. तेवढा सगळा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं. त्याच पीसीवरचा दुसरा प्रोग्राम, समजा दर दहा मिनिटांनी हेड ऑफिसला डेटा पाठवणारा, 'पाठवलं' अशी खूण करायला येतो आणि त्याला 'डेटाबेस इज लॉक्ड' मिळतं. लॉगमध्ये नाव त्याचं येतं, चूक दुसऱ्याची असते. म्हणून एरर कुठे आली ते बघू नका, त्या क्षणी ट्रान्झॅक्शन कोणी उघडं ठेवलं होतं ते शोधा.

यावर नियम साधा आहे. ट्रान्झॅक्शनच्या पोटात माणसाची, प्रिंटरची किंवा नेटवर्कची वाट बघायची नाही. आधी कमिट, मग छपाई. छपाई फसली तर तीच पावती पुन्हा छापा, वर 'डुप्लिकेट' लिहून. काट्याच्या धंद्यात तसंही हेच बरोबर आहे, कारण वजन झालंय ते झालंय. कागद निघाला नाही म्हणून वजन रद्द होत नाही.

एक बारीक जागा अजून आहे आणि ती टाइमआउट लावूनही सुटत नाही. नुसतं 'बिगिन' म्हटलं की एसक्यूलाइट लगेच लिहायचं लॉक घेत नाही. पहिली सिलेक्ट (वाचायची आज्ञा) होते तेव्हा ते वाचक असतं, आणि पुढे अपडेट (बदलायची आज्ञा) आली की लिहिणारा व्हायला बघतं. वॉल मोडमध्ये (तो म्हणजे काय ते पुढे सांगतो) या दोन पायऱ्यांच्या मधे दुसऱ्या कोणी कमिट केलं असेल, तर तुम्ही वाचलेलं चित्र शिळं झालं. मग एसक्यूलाइट थांबतच नाही, तत्काळ नकार देतं. थांबून उपयोगही नसतो, कारण शिळं चित्र थांबून ताजं होत नाही. 'आम्ही टाइमआउट लावलाय तरी येतं' म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच असतं. उपाय एका शब्दाचा आहे: ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचंय ते 'बिगिन इमिजिएट'ने सुरू करा. पेन आधी घ्या, मग वाचा, मग लिहा. तुमचा पुढचा पावती नंबर काढायचा कोडही याच रांगेतला.

वर वॉल म्हटलं ते समजावतो. मूळ पद्धतीत लिहिणारा आधी जुनी पानं जर्नल फाइलमध्ये बाजूला ठेवतो आणि मग मुख्य फाइल बदलतो. त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवतात. २०१० च्या ३.७.० आवृत्तीपासून वॉल मोड आला. त्यात नवी पानं आधी शेजारच्या वॉल फाइलला जोडली जातात आणि मुख्य फाइलमध्ये सावकाश उतरवली जातात. लिहिणारा तरीही एकच, पण वाचणारे त्याला अडवत नाहीत आणि तो त्यांना अडवत नाही. मॅनेजर महिन्याचा रिपोर्ट काढत असताना काटा अडला नाही पाहिजे, यासाठी वॉल हवाच. सेटिंग एकदाच करावं लागतं, फाइल ते लक्षात ठेवते. मात्र रिपोर्टचा स्क्रीन क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) अर्धवट वाचून दिवसभर उघडा ठेवलात तर वॉल फाइल फुगत जाते, कारण त्या वाचकाच्या पुढची पानं उतरवता येत नाहीत. सगळ्या ओळी वाचून घ्या, क्वेरी बंद करा, मग स्क्रीन खुशाल उघडा ठेवा.

वॉलबरोबर इंटरनेटवर सगळीकडे एक सल्ला मिळतो: 'सिंक्रोनस' (प्रत्येक कमिट डिस्कवर पक्कं पोचेपर्यंत थांबायचं का, हे ठरवणारं) हे सेटिंग 'नॉर्मल' करा, वेग वाढतो. वेग वाढतो हे खरं. फाइल बिघडत नाही हेही खरं. पण लाइट गेली तर शेवटची काही कमिट उडू शकतात. फोनवरच्या अ‍ॅपला ते चालतं. तुमच्याकडे ड्रायव्हर छापील पावती घेऊन गेटच्या बाहेर गेलेला असतो आणि एमआयडीसीत लाइट गेल्यावर यूपीएस किती तग धरतो ते तुम्ही बघितलं असेल. कागदावर नंबर आहे आणि डेटाबेसमध्ये नाही, पुढच्या गाडीला तोच नंबर पुन्हा मिळाला, हे प्रकरण मिटवणं फार अवघड असतं. सिंक्रोनस 'फुल'च ठेवा. दिवसाला हजार नोंदींना तो वेग कशाला हवाय?

आता शेअर्ड फोल्डर. नाही. इथे मधला मार्ग नाही, म्हणून सरळ सांगतो. वॉल मोडला सगळे प्रोग्राम एकाच मशीनवर लागतात, कारण ते मेमरीचा एक तुकडा वाटून घेतात. नेटवर्कवरून ते होत नाही. वॉल काढून जुन्या पद्धतीवर गेलात तर सगळी भिस्त नेटवर्क फाइलसिस्टिमच्या लॉकवर येते, आणि ती लॉकं भरवशाची नसतात. महिनाभर सगळं नीट चालेल. मग एके दिवशी दोघांनी एकदमच लिहिलेलं निघेल आणि इंडेक्स (शोधासाठीची सूची) एक सांगेल, टेबल दुसरंच. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरात चालू फाइल ठेवणं हा याचाच भाऊ. तेही नको.

मग तीन पीसींचं काय? फाइल काट्याच्या पीसीवरच राहू द्या. त्याच पीसीवर एक छोटी सर्व्हिस लिहा, जी फाइल उघडते आणि लॅनवर (ऑफिसातल्या नेटवर्कवर) एचटीटीपीने, म्हणजे वेबसाइटसारखी, बोलते. मॅनेजर आणि अकाउंट्सवाले ब्राउझर उघडून तिच्याशी बोलतील, आणि काट्याचा प्रोग्रामही तिच्यामार्फतच लिहील. फाइलला हात लावणारा प्रोग्राम एकच आणि तोही त्याच मशीनवर. एवढ्याने भागेल का, अशी शंका असेल तर एसक्यूलाइटची स्वतःची वेबसाइट एसक्यूलाइटवरच चालते. २०१५ च्या सुमाराला ती रोज ४ ते ५ लाख रिक्वेस्ट घेत होती. तुमच्या यार्डात तीन माणसं आहेत.

सर्व्हिस काट्याच्या पीसीवरच ठेवा म्हणतोय, केबिनमधल्या चांगल्या पीसीवर नाही, त्याला कारण आहे. राउटर बंद पडला तर अकाउंट्सचं काम तासभर थांबेल, काही बिघडत नाही. काटा थांबला तर गाड्यांची रांग ठाणे-बेलापूर रस्त्यावर येते आणि वाहतूक पोलीस आधी तुमच्या गिऱ्हाइकाला धरतात.

सर्व्हिसचा आणखी एक फायदा आहे, ज्याचा काट्यावर खास उपयोग. एसक्यूलाइटमध्ये युजर आणि पासवर्ड नसतातच. फाइल ज्याला मिळाली तो ती कुठल्याही फुकटच्या टूलने उघडून वजन बदलू शकतो. सर्व्हिस वेगळ्या विंडोज अकाउंटवर चालवा आणि फाइलचा हक्क फक्त त्या अकाउंटला द्या, म्हणजे ऑपरेटरच्या लॉगिनमधून फाइल उघडणारच नाही. पक्का बंदोबस्त नाही हा, पण टनामागे पन्नास किलो इकडचे तिकडे करायचा सहज मोह तरी तिथे अडतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या फाइलमध्ये बहुतेक असेलच असं एक सांगतो. एसक्यूलाइट कॉलमचा प्रकार सक्तीने पाळत नाही. इंटिजर म्हणून जाहीर केलेल्या कॉलमात अक्षरं टाकली तर ती निमूटपणे अक्षरं म्हणून ठेवली जातात. इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या यंत्राची) केबल तुटली की ऑपरेटर वजन हाताने टाकतो. त्याचा कीबोर्ड मराठीवर असेल तर तो टाकतो '१२४५०', देवनागरी आकड्यांत. एसक्यूलाइट आकडे म्हणून फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखतं. त्यामुळे टेक्स्टबॉक्समधलं जसंच्या तसं पाठवलंत तर ती नोंद टेक्स्ट म्हणून बसते. स्क्रीनवर बरोबर दिसते, पावतीवर बरोबर छापली जाते, पण बेरजेत शून्य धरली जाते. वर गंमत अशी, की एसक्यूलाइटच्या हिशोबी कुठलंही टेक्स्ट कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं. म्हणजे '४० टनांच्या वरच्या गाड्या दाखव' म्हटलं की ही साडेबारा टनांची गाडी हजर. महिन्याची बेरीज जुळत नाही आणि तीन दिवस कोणाला कळत नाही का. आजच प्रत्येक साइटवर 'टाइपऑफ' (प्रत्यक्ष कुठल्या प्रकारची नोंद बसलीय ते सांगणारं फंक्शन) लावून वजनाच्या कॉलमात टेक्स्ट किती आहे ते मोजा.

पुढे जाताना २०२१ मध्ये आलेली (आवृत्ती ३.३७.०) 'स्ट्रिक्ट' टेबलं वापरा. ती असली नोंद तोंडावर नाकारतात. जुनं टेबल जागच्या जागी स्ट्रिक्ट होत नाही. नवं बनवा, डेटा साफ करून ओता, नाव बदला. रक्कम रुपयांत नाही, पैशांत मोजून इंटिजर म्हणून ठेवा, दशांशात नको. फॉरेन की तपासणी (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या ज्या नोंदीकडे बोट दाखवते ती खरंच आहे का, याची) मूळ सेटिंगमध्ये बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनवर वेगळी चालू करावी लागते. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने टेक्स्टमध्ये ठेवल्या की क्रम आपोआप नीट लागतो.

पार्टीची नावं मराठीत असतील तर क्रमवारी बघा. एसक्यूलाइट बाइट बघून क्रम लावतं आणि युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मधे बसलाय. म्हणून यादीत 'काळे' आधी येतात, 'कावळे' आणि 'कासार' नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'च्याही पुढे. वयस्कर अकाउंटंट पहिल्या दिवशी हे पकडतो. शोधाची भानगड त्याहून वाईट. 'कऱ्हाडे'मधला 'ऱ' एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा जोडून. डोळ्यांना एक, एसक्यूलाइटला दोन, आणि एकच पार्टी खात्यात दोनदा. नोंद साठवण्याआधी नाव युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणाचं ठरलेलं एक रूप) आणा, म्हणजे हे मिटतं. मात्र 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला 'अॅ' आणि एकसंध 'ॲ' हे एनएफसीनेही एक होत नाहीत, ती अदलाबदल तुम्हालाच लिहावी लागेल. क्रमासाठी स्वतःचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) रचता येतं, पण मी ते टाळतो. त्यावर इंडेक्स बांधला की बाहेरचं कुठलंही टूल त्या टेबलाशी नीट काम करत नाही. त्यापेक्षा क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवावा आणि नाव साठवताना तो भरावा.

बॅकअप. चालू फाइल कॉपी-पेस्ट करू नका. वॉल मोडमध्ये ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असतात, त्यामुळे पेनड्राइव्हवर फक्त मुख्य फाइल नेलीत तर आजचं काम मागेच राहतं. 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञा चालू डेटाबेसमधून नवी, नीटनेटकी फाइल बनवते. ती २०१९ पासून आहे. रात्री ती चालवा, निघालेल्या फाइलवर 'इंटिग्रिटी चेक' (फाइल धड आहे का याची तपासणी) करा आणि मगच ती गूगल ड्राइव्हवर टाका. बंद, पूर्ण झालेली फाइल ड्राइव्हवर टाकायला काहीच हरकत नाही. आणि पीसी अचानक बंद पडल्यावर शेजारी दिसणारी जर्नल किंवा वॉल फाइल 'कचरा आहे' म्हणून कोणालाही उडवू देऊ नका. अर्धवट राहिलेलं काम सावरायला एसक्यूलाइटला तीच लागते. साइटवरच्या हौशी पीसी-दुरुस्तीवाल्याला हे बजावून सांगा.

सीनियरांचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. त्या गिऱ्हाइकाचा उद्या तळोज्यात आणि वागळे इस्टेटमध्ये काटा झाला आणि मालकाला ठाण्याच्या ऑफिसात बसून सगळ्यांचा हिशोब एकत्र हवा असला, तर ऑफिसात पोस्टग्रेस घ्या. तिथे अनेक मशीनं लिहिणार, कोणाला काय दिसावं याचे हक्क लागणार आणि बघायला माणूसही असेल. पण तेव्हाही काट्यांवरचं एसक्यूलाइट काढू नका. काटा आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहील आणि लाइन असेल तेव्हा वर पाठवेल. प्रत्येक नोंदीची ओळख काट्याचा कोड अधिक काट्यावरचा क्रमांक अशी ठेवा आणि पोस्टग्रेसमध्ये त्यावर युनिक बंधन (तीच ओळख दुसऱ्यांदा येऊ न देणारं) घाला, म्हणजे अर्ध्यात तुटलेला संच पुन्हा पाठवला तरी नोंद दोनदा पडणार नाही. पाठवण्याआधी वर सांगितलेले देवनागरी आकडे साफ झालेले असू द्या, कारण पोस्टग्रेस ते इंटिजर कॉलमात घेणार नाही आणि तुमचा पाठवणारा प्रोग्राम त्याच एका नोंदीवर अडून बसेल.

पावती नंबर मात्र काट्यानेच द्यायचा, ऑफिसने नाही. ऑफिसला स्वतःचा क्रम हवा असेल तर त्यासाठी वेगळा कॉलम घ्या. ड्रायव्हरच्या हातात छापून दिलेला नंबर नंतर बदलता येत नाही.